हिरव्या सफरचंदांची अढी

सफरचंद कितीही टणक लागलं तरी ते अढीत घालून पिकवायचं नसतं. एवढी साधी गोष्ट ठाऊक नव्हती म्हणून आमच्या घरातल्या एका माणसाचं मनगट कायमचं वाकडं झालं. हल्ली माझी नातसून बारा महिने सफरचंदं आणते. प्रत्येकावर एक गोल कागद चिकटवलेला असतो. सोबत चांदीच्या कागदातलं साबणाच्या वडीसारखं चीज असतं. दोन्हींच्या फोडी एका बशीत मांडून माझ्यापुढे ठेवते आणि म्हणते, आजी, हल्ली असं खातात. हल्ली म्हणे! मी सतरा वर्षांची होते तेव्हा कुठल्या सफरचंदाबरोबर कुठलं पनीर खावं हे डोळे मिटून सांगत होते, आणि तेही अशा घरात जिथं सफरचंद विकत आणणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण ते नातसुनेला सांगायला गेले तर पुढचं सगळंच सांगावं लागेल, म्हणून मी मुकाट्यानं खाते.

आम्ही ख्रिस्ती वाडीवाले, आमची वाडी उमेळे गावाच्या वाटेवर होती. केळी, पानवेली, मध्ये विहीर आणि विहिरीवर रहाट. रहाटाला रेडा जुंपलेला. पहाटेपासून रहाटाची कुरकुर आणि पाटात पडणारं पाणी, यांच्यावर बाबांचा आवाज चढलेला असायचा. रेड्यावर, आमच्यावर, पाटावर, ज्याच्यावर जमेल त्याच्यावर. रेडा थांबला की त्याला पराणी आणि आयचं काही चुकलं की तिला हाताला येईल ते. आयचा पुढचा एक दात नव्हता. तो कसा गेला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी विचारलं तर ती ओटीवरून पडल्याचं सांगायची. मला मारायला केळीच्या पानाचा दांडा पुरायचा, त्याचे वळ निळे उठतात आणि चार दिवस राहतात. घरात आम्ही बाबांना अरे-तुरेच करायचो, 'बाबा, जेवायला ये' असं. लिहिताना 'ते' येतं हे शाळेनं लावलेलं वळण. मनातून आलेला मान नव्हे, हे आताच सांगून टाकते.

पण हा माणूस अढीला हात लावायचा तेव्हा वेगळाच व्हायचा. केळीचे घड खोलीत रचायचे, वरून पानं झाकायची, मडक्यात शेणी आणि पेंढा धुमसत ठेवून धूर आत सोडायचा आणि दार चिखलानं लिंपून टाकायचं. किती धूर, किती वेळ, हे बाबांना कुणी शिकवलेलं नव्हतं. लिंपलेल्या चिखलाला नाक लावून ते सांगायचे, अजून सहा घटका. उघडल्यावर सगळी केळी एका रंगाची, एकही डाग नाही. दुसऱ्या गावचे वाडीवाले त्यांना बोलवायला यायचे. अंगठा आणि पहिलं बोट एवढ्यानंच ते फळ दाबून बघत, इतकं हलकं, की ज्या हातानं आयला मारलं तोच हा हात असं वाटायचं नाही.

बाबांची धाकटी बहीण फिलूआत्या आमच्याकडेच होती. ती विधवा. नवरा गेल्यावर अकरा वर्षं मुंबईला एका पारशी घरी स्वयंपाकाला राहिली. ती शेटाणी वारली तेव्हा आत्या एक पत्र्याची पेटी आणि वेताच्या बारा चिमुकल्या टोपल्या घेऊन परत आली. टोपल्या ओंजळीएवढ्या. गावातल्या बायका हसल्या, बाहुल्यांचा संसार मांडतेस काय गं म्हणून. आत्यानं त्या टोपल्यांत म्हशीच्या दुधाचं पनीर लावून दिलं तेव्हा हसणं थांबलं. पांढरंशुभ्र, थरथरणारं, वर वेताची नक्षी उमटलेली, आणि जिभेवर ठेवलं की खारट होऊन विरघळून जाणारं. आमच्या चार म्हशींचं दूध तिच्या हाती गेलं, पनीराचा पैसा यायला लागला आणि घराचा तोलच बदलला. तेही बाबांना सहन होत नव्हतं. बहीण आपलं खाते, असं त्यांना गावात सांगता येत होतं तोवर ठीक होतं.

ह्या पनीराला विरजण लागतं ते कोंबडीचं. कोंबडीच्या पोटात दाणे दळणारी पिशवी असते तो पेठा, त्याच्या आतली पिवळी साल सोलून उन्हात वाळवायची, मिठाच्या पाण्यात भिजवायची, आणि ते पाणी कोमट दुधात चमचाभर घालायचं. आम्ही त्याला नुसतं 'सालीचं पाणी' म्हणत होतो. म्हणजे पनीर हवं तर आधी कोंबडी मारायला हवी. आत्याला ते जमायचं नाही, पाय धरले की ती तोंड फिरवायची. मला जमायचं. दर शनिवारी मागल्या अंगणात मी दोन कोंबड्या धरायचे, एकीला गुडघ्याखाली दाबून दुसरीची मान मुरगाळायची, मग पहिलीची. पंख फडफडून पाय गार पडेपर्यंत सोडायचं नाही. गरम असतानाच पोटात हात घालून पेठा काढायचा, चिरायचा, साल अखंड निघाली पाहिजे. माझी साल कधी फाटली नाही. ह्यात वाईट वाटण्यासारखं काही असेल हे मला कित्येक वर्षं सुचलंसुद्धा नाही.

समुद्राकडे एका पारशी बाईसाहेबांचा बंगला होता. आत्याची मेलेली शेटाणी ही त्यांची मैत्रीण, त्यामुळे आत्याच्या हातचं पनीर त्यांच्या माहितीचं. पाऊस सरला, आश्विन लागला की त्या बंगला उघडत, आणि त्याच सुमाराला त्यांना उत्तरेकडून सफरचंदांची पेटी यायची. त्या वर्षी त्यांनी आत्याला बोलावून सांगितलं, मुंबईच्या माझ्या घरात मला पनीर करणारी कायमची बाई पाहिजे. रविवारी पाहुणे येणार आहेत, त्यांना सफरचंदाबरोबर पनीर दे. त्यांना आवडलं तर तुझी खोली तयार समज. आत्यानं विचारलं, भाचीला आणू का बरोबर? बाईसाहेब म्हणाल्या, आण की.

हे आत्यानं मला गोठ्यात म्हशीच्या पोटाआड बसून सांगितलं, दूध काढता काढता. माझ्या हातातून सड सुटला. मुंबई मला बघायची नव्हती, मला फक्त हे घर सोडायचं होतं. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा बापाच्या पावलांचा कानोसा घ्यायचा नाही, एवढंच मला पाहिजे होतं. ते मिळायचं की नाही हे आता रविवारच्या एका बशीवर ठरणार होतं.

आत्या हट्टी. ती बाईसाहेबांना म्हणाली, फळ चाखल्याशिवाय मीठ किती घालू ते कसं कळणार? म्हणून पेटीच आमच्या घरी आली, देवदाराच्या फळ्यांची, आत वाळकं गवत. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवी. आत्यानं दोन्हींची एकेक फोड कापून अर्धी मला दिली. लाल गोड होतं, पिठूळ. हिरवं असं आंबटढाण की डोळे मिटले. मग तिनं मला ताजं पनीर खायला दिलं, मग पनीरातून सुटलेल्या पाण्यात, खाऱ्या निवळीत, तीन दिवस मुरलेलं, मग धुरावलेलं. हे तिसरं तिचं स्वतःचं, पारशांनाही ठाऊक नसलेलं. केळीची अढी लागली की ती सुकवलेलं पनीर फडक्यात बांधून आत टांगायची, वरून तपकिरी होऊन यायचं. स्वतःचं मत न सांगता ती मलाच विचारत राहिली. लालबरोबर ताजं नुसतं गोडमिट्ट लागलं. लालला धुरावलेलं पाहिजे. हिरव्याच्या आंबटपणाला ताजं पनीर असं काही बिलगलं की आम्ही दोघी हसायलाच लागलो. मुरलेलं दोन्हींबरोबर चालतं पण कुणाबरोबरच शोभत नाही, असं मी म्हटलं. आत्या म्हणाली, माझ्यासारखं. मग ठरलं, हिरवी फळं आणि ताजं पनीर हीच खरी बशी, लाल आणि धुरावलेलं ही जोडीला.

बाबांना मुंबईचं कळलं होतं. त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते दोन दिवस घरात इतके गप्प होते की आय विनाकारण लादीन, ती संतांच्या नावांची लांबलचक प्रार्थना, म्हणायला लागली. शुक्रवारी आत्या ताज्या वेताच्या टोपल्या आणायला बुरूडणीकडे गेली आणि मी म्हशी धुवायला. तेवढ्या वेळात बाबांनी पेटी उघडली, हिरवी फळं अंगठ्यानं दाबून बघितली, एकही दबलं नाही. पुढं काय झालं ते आयनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ते म्हणाले होते, "बाईनं कच्चा माल पाठवलाय. फिलू पावन्यांसमोर तोंडघशी पडंल." आणि सगळी हिरवी फळं टोपलीत भरून त्यांनी मागल्या पडीक खोलीत छोटी अढी लावली. पेटीला परत खिळे ठोकले. आयला ताकीद दिली की बोललीस तर बघ. हे त्यांनी बहिणीच्या भल्यासाठी केलं होतं. आयुष्यात एकदा ह्या माणसाला कुणाचं तरी भलं करावंसं वाटलं आणि त्याचं हे असं झालं. आजही मला त्याचा संताप येतो, की निदान त्या दिवशी तरी त्यांनी वाईट हेतूनं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी मिस्सा झाल्यावर अंगणात केळी उचलायला आलेले सहा गडी होते, शेजारचा पास्कू होता. आत्यानं ओटीवर ताट मांडलं होतं, केळीच्या पानावर बारा ताजी पनीरं, कडेनं धुरावलेली. ती पेटी उघडायला वाकली तोच बाबा मागून टोपली घेऊन आले. अंगात धुतलेला सदरा होता. सगळ्यांना दिसेल अशी टोपली त्यांनी ओटीच्या कठड्यावर ठेवली आणि वरचं पान दूर केलं. आत हिरवं असं काही नव्हतंच. सालं काळवंडून सुरकुतलेली, काही फुटून पाणी सुटलेलं, आणि धुराचा उग्र दर्प. बाबा म्हणाले, "घे. पिकवून दिली तुला."

आत्यानं एक उचललं. तिच्या बोटांत त्याचा लगदा झाला. मला वाटलं ती रडेल. ती हसली. आधी नाकातून, मग आवाज करून, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते सुखाचं हसणं नव्हतं. हातचं सगळं जाताना माणूस कधी असं हसतं, हे मी पुढं स्वतःवरून शिकले. पण अंगणातल्यांना ते कसं कळावं? तेही हसू लागले. पास्कू बाबांना म्हणाला, "बस्त्यावकाका, आता नारल पन घाल अढीत." हे ऐकून गडी तर बसूनच हसले.

बाबांनी घड वाहायचा बांबू उचलला. पहिला फटका आत्याच्या पाठीत बसला आणि हसणं अर्ध्यात तुटलं. दुसरा खांद्यावर. ती ओटीवरून खाली पडली तेव्हा त्यांनी तिचे केस धरून तिला अंगणातून विहिरीकडे ओढत नेलं. आय आडवी आली तिला त्यांनी कोपरानं अशी हाणली की ती पाटात बसली. ताट त्यांनी जातानाच लाथाडलं होतं. बारा टोपल्यांतली पनीरं मातीत, त्यांच्यावर पाय पडून चिखल झालेला. गडी उभे होते. पास्कू उभा होता. आता कुणी हसत नव्हतं आणि कुणी हलतही नव्हतं. घरचा मामला म्हणे. त्या सातजणांची तोंडं मला अजून दिसतात, त्यांतले दोघे पुढं देवळात पुढच्या बाकावर बसायचे.

विहिरीच्या काठाला दगडी पाट होता. बाबांनी आत्याचा उजवा हात त्या दगडावर दाबून धरला, पायानं. "ह्या हातानं करतेस ना पनीर? ह्याच हातानं जानार ना मुंबईला?" असं विचारून त्यांनी बांबू उचलला.

कोयता मला कुठं सापडला ते आठवत नाही. घड कापायचा होता, गड्यांपैकी कुणाचा तरी. मी तो उलटा धरला, बोथट बाजू पुढं, एवढं भान मला होतं, हे मी स्वतःशी शंभर वेळा तपासून पाहिलंय. "बाबा, सोड तिला," एवढं मी म्हटलं आणि त्यांनी मान वळवायच्या आत त्यांच्या मनगटावर घातला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. बांबू विहिरीत पडला. ते मनगट धरून खाली बसले आणि आत्याचा हात सुटला.

इथं थांबले असते तर ह्या गोष्टीत मी चांगली ठरले असते. मी थांबले नाही. ते बसलेले असताना मी त्यांच्या खांद्यावर मारलं. मग पुन्हा. मग पाठीवर. ते ओरडत नव्हते, नुसते वाकत होते, आणि ते वाकताना बघून माझ्या अंगातून काहीतरी गरम आणि गोड वाहात गेलं. ते काय होतं ते सांगायला मला शब्द शोधावा लागत नाही, ते सुख होतं. पहिला घाव आत्यासाठी होता. बाकीचे माझे होते. किती, ते मला ठाऊक नाही. आत्यानंच रांगत येऊन माझ्या कमरेला मिठी मारली आणि "बस कर, बाय, बस कर," म्हणत मला मागं ओढलं. तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा वाटलं की ती मायेनं बघतेय.

हाडवैद्य आला, त्यानं पट्ट्या बांधल्या. रेड्यानं लाथ मारली असं बाबांनी सांगितलं आणि अंगणातल्या सातही जणांनी ते गावभर इमानानं सांगितलं. रेड्याला बिचाऱ्याला बोलता येत नव्हतं. आत्यानं तोंड धुतलं, लुगडं बदललं, चिखलातून वाचलेली चार धुरावलेली पनीरं फडक्यानं पुसली, लाल सफरचंदं घेतली आणि सुजल्या खांद्यानं बंगल्याची वाट धरली. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली. बाईसाहेबांनी तिच्या तोंडाकडे बघून काही विचारलं नाही. पाहुण्यांनी लाल फळ आणि धुराचं पनीर खाल्लं आणि म्हणे बोटं चाटली. असं कधी खाल्लं नाही, असं एका गोऱ्यानंसुद्धा म्हटलं. खोली पक्की झाली.

ती बंगल्यावरच राहिली आणि दोन दिवसांनी तिची पत्र्याची पेटी न्यायला आली. मी माझी पिशवी भरून ठेवली होती, तीन लुगडी, फणी, जपमाळ, सातवीच्या फायनलचं सर्टिफिकेट. आयला सांगून झालं होतं, ती हो म्हणाली होती. बाबा आत खाटेवर होते. आत्यानं टोपल्या मोजून पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं, आणि मी पिशवी उचलली तेव्हा तिनं माझ्या हातातून ती अलगद काढून घेतली आणि भिंतीशी ठेवली.

मी विचारलं, बाईसाहेब नको म्हणाल्या का?

ती म्हणाली, "बाईसाहेब हो म्हनाल्या. मी नको म्हनते."

का, असं मी विचारलं. मी तिला वाचवलं होतं. तिचा हात मी वाचवला होता. ती माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघत राहिली आणि मग हळू आवाजात, मला लागू नये अशा बेतानं म्हणाली, "मी लहान व्हते तवा तुझ्या बापानंपन मला असंच वाचवलं व्हतं. आमच्या बापापासनं. मंग तो थांबला नाय." तिनं माझ्या गालाला हात लावला, पण लावायच्या आधी तो क्षणभर हवेत राहिला. "मला भ्या वाटतं तुझं, बाय. मला आता कुनाचं भ्या घेऊन राहायचं नाय."

ती गेली. गडी डोक्यावर पेटी घेऊन पुढं आणि ती मागं. मी वळणापर्यंत जाणार होते, गेले नाही. मला तिचा इतका राग आला होता की ती गेल्यावर मी तिनं ठेवलेलं सालीच्या पाण्याचं मडकं दगडावर आपटून फोडलं. मडकं फुटल्यावर कितीतरी वेळ मी तशीच हात वर धरून उभी होते.

तिन्हीसांजेला आयनं भात आणि बोंबलाचं कालवण वाढून ताटली माझ्या हातात दिली. बाबांना उजव्या हातानं जेवता येत नव्हतं आणि डाव्यानं ते जेवणार नव्हते. मी खाटेशी बसले, भात कालवला आणि घास घेऊन हात त्यांच्या तोंडाकडे नेला. बाबांनी डोळे मिटून मान चुकवली आणि बांधलेला हात तोंडाआड धरला. दारात आय उभी होती. मी हात तसाच ठेवला, डोळे उघडायची वाट बघितली, आणि म्हटलं, "खा." ते खाऊ लागले.